शिसवी पोट, जाड तबली: एका उदाची तपासणी

ओमानमधल्या सूर गावच्या माझ्या सहकाऱ्याने ऊद, म्हणजे अरबी तंतुवाद्य, पेटीतून काढला आणि सतरंजीवर पालथा ठेवला. त्याला मला आधी पोट दाखवायचं होतं. एकोणीस शिसवी फाका, दर दोन फाकांमध्ये केसाएवढी पांढरी रेघ, आणि खाली शेपटाशी सगळ्या रेघा एका बिंदूत मिळालेल्या. सोललेल्या संत्र्यासारखं गोल, गुळगुळीत पोट. "लाकूड तुमच्या हिंदुस्तानचं आहे भाई," तो म्हणाला. "याच्यासाठीच जास्त पैसे मोजले. मग हा असा का बोलतो?"

मग त्याने वाजवून दाखवला. बयाती या अरबी रागाची सुरावट, दूकाहवरून म्हणजे पाश्चात्त्य डी सुरावरून सुरू केलेली. उशीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा आवाज येत होता. खालच्या तारा घोगऱ्या होत्या, वरच्या दोन जोड्या बारीक पण निर्जीव. दूकाहची मोकळी तार छेडली की आतून कुठून तरी माशी अडकल्यासारखी भिरभिर ऐकू यायची. आणि वाजवताना त्याचा डावा हात दुखायचा. या चार तक्रारी मी वहीत लिहून घेतल्या. पुढचे चार-पाच महिने त्या वहीतच गेले.

मी मूळचा सांगलीचा, पेशाने मेकॅनिकल इंजिनियर. मस्कतला बारा वर्षं काढली. वाद्यं उघडायचा नाद मिरजेत लागला. तिथल्या एका कारागिराकडे कॉलेजच्या सुट्ट्यांत जाऊन बसायचो. तंबोऱ्याची तबली, म्हणजे समोरची पातळ फळी, बोटाने टकटक करून तो ऐकायचा आणि एकच शब्द बोलायचा, "अजून." म्हणजे अजून तासायची. या प्रकरणात तो शब्द मला फार उपयोगी पडला.

ऊद हा शब्द आपल्या घरातलाच आहे. अरबीत 'अल-ऊद' म्हणजे लाकूड. अगरूच्या सुगंधी लाकडालाही तेच नाव, त्यातून आपल्याकडे धुपाला ऊद म्हणू लागले आणि ऊद-बत्तीची उदबत्ती झाली. तोच अल-ऊद युरोपात गेला आणि त्याचा ल्यूट झाला. नावातच लाकूड असल्यामुळे असेल, पण उदाबद्दल बोलताना सगळे आधी लाकडाची जात विचारतात. कोणतं लाकूड, किती जुनं, कुठलं. माझ्या सहकाऱ्याचाही तोच समज होता, की शिसवी पोट म्हणजे गोड आवाज. या समजुतीचीच तपासणी मला करावी लागली.

तारांनी केलेली दिशाभूल

उदाला साधारण अकरा तारा असतात: वरच्या पाच जोड्या आणि खर्जाची एकटी तार. अरबी पद्धतीत खालून वर सी, एफ, ए, डी, जी, सी अशा लावतात. दांडीवर पडदे नाहीत, त्यामुळे पाव-सुरांच्या जागा बोटाला सापडतात. तारांची मोकळी लांबी तुर्की उदात ५८.५ सेंटिमीटरच्या आसपास, अरबी उदात ६१ च्या आसपास. या उदाची लांबी ६१ भरली.

तारा पाहिल्यावर मला वाटलं, कारण सापडलं. आवाज बारीक आणि लखलखीत यावा म्हणून त्याने वरच्या दोन जोड्यांत नायलॉन काढून फ्लोरोकार्बनच्या तारा घातल्या होत्या. कल्पना चुकीची नव्हती. फ्लोरोकार्बन खरंच जास्त उजळ बोलतो. पण त्याने जाडी तीच ठेवली होती, ०.६० मिलिमीटर. फ्लोरोकार्बन नायलॉनपेक्षा दीडपटीहून जास्त घन असतो. ६१ सेंटिमीटर लांबीवर वरचा सी, म्हणजे २६२ हर्ट्झ, नायलॉनच्या ०.६० तारेने लावला तर ताण सुमारे ३.३ किलो येतो. त्याच जाडीच्या फ्लोरोकार्बनने तोच सूर लावला तर ५ किलोंच्या वर जातो. तोच ताण ठेवायचा तर तार ०.४८ ची हवी. जीच्या जोडीचंही तसंच. म्हणजे अख्ख्या उदाचा मिळून ३५ किलोंच्या घरातला ताण या चार तारांनी सहा-सात किलोंनी वाढवून ठेवला होता.

मी योग्य जाडीच्या तारा चढवल्या, हाडाच्या पट्टीतल्या खाचा कानशीने साफ केल्या आणि वाद्य परत दिलं. हात दुखणं कमी झालं. पण आवाज? तीन आठवड्यांनी तो परत आला आणि म्हणाला, तसाच आहे. भिरभिरही तशीच. मी घाई केली होती. जे आधी दिसलं तेच कारण धरून बसलो, आत डोकावलोच नाही.

तारांचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वान-अस-सफा या विद्वानमंडळाने उदाची मापं लिहून ठेवली आहेत. लांबी रुंदीच्या दीडपट, खोली रुंदीच्या निम्मी, दांडी लांबीच्या पाव. तेव्हा तारांच्या चार जागा होत्या, बम, मसलस, मसना आणि झीर, आणि त्यांतले रेशमाचे धागे त्यांनी सांगितले ६४, ४८, ३६, २७. प्रत्येक पायरीला पाऊण. शेजारच्या दोन तारांत मध्यमाचं अंतर, म्हणजे सुरांचं नातं ३:४, आणि धाग्यांचंही नातं तेच. ऐकायला सुंदर. पण गणित करून पाहिलं तर या हिशेबात प्रत्येक वरच्या तारेचा ताण खालच्या तारेपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने वाढत जातो. सगळ्या तारांवर सारखा ताण हवा असता तर धागे ६४, ३६, २० आणि ११ च्या आसपास लागले असते. त्यांना विश्वाची प्रमाणबद्धता वाद्यात उतरवायची होती, आणि वाद्य ती सहन करत होतं. त्याच्या तबलीत तेवढी ताकद असणार, असं मला राहून राहून वाटतं.

आरशातून

डिसेंबरात मी नीट बसलो. दातांचे डॉक्टर वापरतात तसा छोटा आरसा, एक दिवा, मोबाइलचा कॅमेरा, आणि बाहेरून-आतून लावून जाडी सांगणारं लोहचुंबकी मापक. एवढ्यावर अर्धं निदान झालं.

आधी पोट. रुंदी ३६.५, खोली १८ सेंटिमीटरच्या जरा वर. जुन्या सूत्रात बसणारं, खर्जाला पुरेसं. फाकांची जाडी ३ मिलिमीटर, जोड घट्ट, कुठे भेग नाही. पोटात काहीच खोट नव्हती. सहकारी खूश झाला. मी म्हटलं, थांब.

उदाचं पोट हे मुख्यतः हवेचं भांडं आहे. त्याचा आकार आणि कडकपणा महत्त्वाचा. शिसवी कडक आहे, जड आहे, तारेची ताकद शोषून घेत नाही, म्हणून चांगलं. अक्रोडही चांगलं, आणि वजनाने हलकं. दोन्हींत फरक ऐकू येतो का? सराईत कानाला थोडा येतो. पण तबलीच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यालाही ऐकू येतो. अरबी कारागीरही या लाकडाला 'सीसम' म्हणतात. नाव आपलं, लाकूड आपलं, पण बोलण्याचं काम त्याच्याकडे नाही. ते काम समोरच्या, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या पातळ फळीचं. तिला अरबीत 'वजह', म्हणजे चेहरा, म्हणतात. मिरजेचा शब्द वापरायचा तर तबली.

मापक सांगत होतं, तबली घोडीजवळ (तबलीवरचा जो आडवा तुकडा तारा धरतो त्याच्याजवळ) २.३ मिलिमीटर, कडांना २.२. चांगल्या उदात हीच जाडी दीड ते दोनच्या मध्ये असते. आरशात तबलीच्या आतल्या आडव्या पट्ट्या दिसल्या: आठ, प्रत्येक १४ मिलिमीटर उंच, टोकांना न निमुळत्या केलेल्या, सरळसोट. फळीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. १.८ ऐवजी २.३ मिलिमीटर म्हणजे वाढ पाव हिश्श्याची, पण कडकपणा दुपटीहून जास्त. पट्टीची उंची १० ऐवजी १४ केली तर कडकपणा पावणेतीनपट. दोन्ही एकत्र केलं की तार ओरडते आणि तबली हलत नाही.

घोडीही आबनुसाची, भरघोस, टोकांना शिंपल्याची नक्षी. घोडीला अरबीत 'फरस' म्हणतात, म्हणजे घोडाच. दोन भाषांनी एकच प्राणी निवडला याचं मला कायम कौतुक वाटतं. पण इथे घोडा जड होता. घोडीचं वजन तबलीच्या बरोबर त्या जागी बसतं जिथे तिने सर्वांत जास्त हलायचं असतं. जड घोडी वरचे बारीक सूर आधी गिळते. वरच्या जोड्या निर्जीव का, याचं उत्तर मिळालं.

आणि भिरभिर. तबलीवर बोटांच्या पेरांनी हळू टकटक करत गेलो. सगळीकडे एकसारखा 'ढप', फक्त खर्जाच्या बाजूला घोडीच्या खाली, कडेपासून दोन बोटांवर, 'टप' आणि मागून एक कोरडा चिरका. आरसा फिरवला तर तिसऱ्या पट्टीचं टोक सुटलेलं. सरसाचा जोड होता, नखभर उघडला होता. सरस कोरड्या हवेत कडक आणि ठिसूळ होतो, दमट उष्म्यात मऊ पडतो. मस्कतचा उन्हाळा बाहेर दमट, आत एसीने कोरडा, आणि वाद्य दिवसातून दोनदा एकीतून दुसरीत. त्यात ते वाढलेले सहा-सात किलो. घोडीच्या पुढे तबली खाली दबली होती, मागे फुगली होती. पट्टी तिथे सुटणारच.

दांडीच्या सांध्यापाशी तारा पाच मिलिमीटर उंच होत्या. तीन असत्या तर हात दुखला नसता.

मग हे असं केलं कुणी, आणि का

हा प्रश्न मी बराच वेळ घोळवला. बनवणाऱ्याला काम येत होतं. पोटाचे जोड पाहिले की कळतं. त्याने तबली चुकून जाड ठेवली असं मला वाटत नाही.

बगदादमध्ये उदाची एक वेगळी जात तयार झाली. मुनीर बशीर (१९३०–१९९७) यांच्या वादनामुळे ती जगभर ओळखीची झाली. तिच्यात घोडी तबलीला चिकटवलेली नसते, नुसती टेकलेली असते, व्हायोलिनसारखी. तारा तिच्यावरून जाऊन वाद्याच्या शेपटाशी बांधलेल्या. त्यामुळे तारांचा ताण तबलीला पिळत नाही, खाली दाबतो. तिथे तबली थोडी दणकट लागते आणि तो दणकटपणा आवाजाला मानवतो: सूर लांबतो, कोरीव येतो, एकट्या वादकाच्या मैफलीला साजतो. माझा अंदाज असा की या कारागिराने बगदादी तबलीचा दणकटपणा घेतला आणि त्यावर नेहमीची चिकटवलेली घोडी बसवली. दोन वेगवेगळ्या घरच्या रीती एका वाद्यात आल्या. चिकटवलेली घोडी तबलीला पुढे-मागे झुलवून बोलते, आणि ही तबली झुलायला तयार नव्हती.

मी सहकाऱ्याला दोन वाटा सांगितल्या. घोडी काढून तरंगती बसवायची, शेपटाला तारा बांधायच्या, म्हणजे हाच ऊद बगदादी वळणाचा होईल. नाहीतर तबली उतरवून आतून पातळ करायची. पहिली वाट सोपी होती आणि मागे फिरता येणारी. दुसऱ्या वाटेत काढलेलं लाकूड परत येत नाही.

तो दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, "माझे आजोबा सालिम राशिद सूरींचं गाणं ऐकत. मला ते घरचं गाणं वाजवायचं आहे. मैफलीचं नाही." सालिम राशिद सूरी हे सूरचे, दर्यावर्दी गायक म्हणून ओळखले गेलेले. तरुणपणी बरीच वर्षं ते मुंबईत राहिले, त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही तेव्हा निघाल्या. पुढे बहरीन, आणि अखेरीस ओमानला परत. खाडीतलं 'सौत' गाणं, सोबतीला ऊद आणि मिरवास हा छोटा ढोल. त्या गाण्यात ऊद झटकन बोलून झटकन विझतो, शब्दाला जागा देतो. त्याला लांब रेंगाळणारा सूर नकोच होता. आम्ही दुसरी वाट धरली. तो मुंबईचा उल्लेख ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही, पण त्या दिवसापासून हे काम मला घरचं वाटू लागलं.

तबली काढली तेव्हा

कडेचा जोड सुदैवाने सरसाचा होता. गरम पातळ सुरी, थेंबभर कोमट पाणी, आणि घाई न करणं. दोन संध्याकाळी लागल्या. घोडी मात्र आधुनिक पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली होती. ती उचलताना स्प्रूसचे दोन-तीन तंतू तिच्याबरोबर निघाले. ते मी परत जागी बसवले, पण त्याची खूण आजही घोडीखाली आहे.

पट्ट्या सोडवल्या. तबलीच्या आतल्या बाजूने रंधा, मग खरवडणी. मध्यभागी १.८ पर्यंत आणली, घोडीभोवती १.९ ठेवली, कडांना हळूहळू १.६. वरच्या तारांच्या बाजूला कडा किंचित जास्त पातळ. दर थोड्या वेळाने तबली दोन बोटांत धरून टकटक करायचो. सुरुवातीला ती लाकडासारखी बोलत होती. २ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर एका संध्याकाळी अचानक चर्मवाद्यासारखी बोलली, खाली लांबलेला सूर देऊन. मिरजेचा "अजून" तिथे थांबला. ज्याने हे कधी हाताने केलं आहे त्याला ती घटका ओळखू येते.

चर्मवाद्य म्हणालो ते उगाच नाही. येमेन-ओमानच्या बाजूला कंबूस नावाचं वाद्य आहे, उदाचंच नातेवाईक. एका लाकडात कोरलेलं पोट आणि समोर चामड्याची तबली. त्याचा आवाज कोरडा, ठसठशीत आणि क्षणाचा. पोट लाकडाचंच, पण चेहरा चामड्याचा केला की वाद्याचा स्वभाव पार बदलतो. मी सहकाऱ्याला तेच उदाहरण दिलं होतं.

नव्या पट्ट्या स्प्रूसच्याच केल्या, सात. उंची १० ते ११, टोकांना निमुळत्या. एकच पट्टी, घोडीच्या लगेच खालची, १२ ठेवली. घोडी तारांच्या ओढीने पुढे झुकते आणि तिचा मागचा काठ वर उचलला जातो, तिथे आधार हवा. नवी घोडी अक्रोडाची: जुनी २४ ग्रॅम होती, नवी १४. तिच्यावर नक्षी नाही. याबद्दल तो थोडा हिरमुसला. जुनी घोडी त्याने घरी ठेवली आहे.

दांडीचा कोन थोडा मागे घेतला. सांध्यापाशी तारा आता ३ मिलिमीटरवर.

पहिल्यांदा लावला त्या दिवशी

मार्चमध्ये नायलॉनच्या तारा चढवल्या. दोन दिवस सूर टिकेनात, ते अपेक्षित होतं. तिसऱ्या दिवशी त्याने बयाती वाजवली आणि उशी निघून गेली होती. वरची सी, जिला किरदान म्हणतात, ती बोलली. झणझणली नाही, बोलली. भिरभिर बंद.

पण नवी अडचण उभी राहिली. मोकळी ए, म्हणजे उशैरान, छेडली की ती बाकीच्या तारांपेक्षा एकदम मोठी घुमायची. लाडू आणि फुटाणे एका ताटात. ए ११० हर्ट्झवर असते, आणि पोटातल्या हवेचा आपला सूर नेमका तिथेच येऊन बसला होता. आधी जाड तबलीमुळे तो दबलेला होता, आता मोकळा झाला. तबलीवरच्या भोकाचं तोंड लहान केलं की हवेचा सूर खाली उतरतो. म्हणून नक्षीदार जाळीच्या मागे पातळ पुठ्ठ्याची एक चकती आतून बसवली, मोठ्या भोकाच्या कडेने सेंटिमीटरभर रुंद. घुमणं ए सोडून खाली सरकलं, ए आणि एफ यांच्या मधल्या जागी, जिथे मोकळी तार नाही. पुढे तिथेच पातळ लाकडाची चकती लावायचा विचार आहे.

सूर किती वेळ टिकतो हे मोबाइल एकाच जागी ठेवून आधी आणि नंतर मोजलं होतं. जीची मोकळी तार आधी ऐकू येईनाशी होईपर्यंत साडेपाच सेकंद लागायचे, आता साडेचार. एक सेकंद आम्ही खर्च केला. त्याच्या बदल्यात आवाज मोठा झाला, सुरुवात धारदार झाली. एकट्याने संथ वाजवणाऱ्याला हा सौदा महाग वाटला असता, आणि त्याने तरंगती घोडीच मागितली असती.

शेवटी रीशा. ऊद वाजवायची लांब, लवचीक पट्टी. पूर्वी गरुडाच्या पिसाची, आता बहुतेक प्लॅस्टिकची किंवा शिंगाची. आधी मंद आवाज उठवायला तो जाड, ताठ रीशा जोर लावून मारायचा. पातळ तबलीवर तीच रीशा टणटण वाजू लागली. आम्ही तीन रीशा घासून पाहिल्या. सगळ्यांत मऊ शिंगाची होती, ती राहिली. हात सैल सोडायला त्याला आठ दिवस लागले.

सप्टेंबरच्या शेवटी त्याने सूरहून फोन केला. उन्हाळा गेला, पट्टी सुटलेली नाही. सांध्यापाशी तारांची उंची मोजून सांग म्हटलं तर ३.३ निघाली. तबली ओलसर हवेत थोडी फुगली असावी, हिवाळ्यात परत बसेल. मोजपट्टी त्याच्या पेटीतच ठेवली आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला माप घेऊन झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहायचं, असं ठरलं आहे. आतापर्यंत सहा आकडे लिहून झाले आहेत.